पॉइंटवर आढळली नाही

अधिवेशनाचं बोलावणं आलं की
मी शिलाई मशीनवर कापड टाकते
आणि पेटीतली खाकी काढते.
कंबर दरवर्षी थोडी उसवावी लागते,
ते माझं मीच करते, फुकटात.

तांडापेठेतून सायकलनं मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला.
सकाळचे सहा, हँडल इतकं गार
की बोटं ब्रेकलाच राहतात.
टोपीवर बिल्ला: निष्काम सेवा.
बूट माझ्या पैशाचे, शिट्टी सरकारची.

एकवीस दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर
मी कापडावर मारायच्या खडूनं रेघा मारल्या.
खडू पुसता येतो,
आणि हेडाऊबाई पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या,
“पोरी, पैसे आल्याबिगर शाईनं लिहू नोको.”

कोणी विचारतं, पोलिसात आहे का?
मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.
पोलिसाला पगार असतो.
आम्हाला भत्ता, तोही उभं राहिल्याचे दिवस मोजून.
बोलावलं नाही तर आम्ही आपले
मी फॉल-पिको,
गजू नंदनवार सायकलींचे पंक्चर,
हेडाऊबाई डबे.

चौदा तारखेला मोर्चा आला, एटापल्लीकडच्या बायांचा,
रात्रभर एसटीत बसून.
मागणी आमचीच होती,
फक्त त्यांच्याकडे फलक होता.
मध्ये बांबू, बांबूला दोरी.
“थकलेलं मानधन” असं त्या ओरडत,
आणि पुढचं आपोआप तोंडात येई.
गजू कानाशी म्हणाला,
“ओठ नको हलवू ताई, कॅमेरा आहे.”

मग एक बाई खाली बसली. बसली म्हणजे पडलीच.
मी दोरीखालून वाकले. विचारलं नाही,
विचारायचे ते साहेब चहाला गेले होते.
ऑटो केला, साठ रुपये दिले, मेयोत नेलं,
चिठ्ठी काढली, सलाइन लागेपर्यंत थांबले.
डोळे न उघडता ती म्हणाली,
“मॅडम, अटक केली काय?”

परत आले तोवर हजेरीपट फिरून गेला होता.
माझ्या नावापुढे, वळणदार अक्षरात:
पॉइंटवर आढळली नाही.

संक्रांत गेली. होळी गेली.
डोंगरवार बाबू दर खेपेला सांगत,
“बिल कोषागारात आहे.”
कोषागार. शब्द मला आवडायला लागला,
गोष्टीतल्या राजाकडे असतं तसं काहीतरी.
गांधीबागेत काळ्या दोऱ्याची रिळं उधार मागताना
मी तोच सांगून पाहिला.
दुकानदार हसला. रिळं दिली नाहीत.

एप्रिलात, कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवत होते,
तेव्हा मोबाइल वाजला.
वीस दिवसांचे.
पैसा न पैसा बरोबर. हिशेबात चूक नव्हती,
हेच जास्त लागलं.

आज अर्ज लिहायला बसले आहे.
माननीय समादेशक यांस.
विषय: एका दिवसाबाबत.
रक्कम मोठी नाही, चारदोन ब्लाउजांची शिलाई.
धाकटा म्हणतो, “आई, जाऊ दे न वं.”
जाऊ देईन. पण लिहून.

साक्षीदाराचं नाव, अशी एक ओळ आहे.
नाव मी विचारलंच नव्हतं.
सलाइनसाठी तिचा हात वर धरला होता,
तेव्हा जे दिसलं
ते लिहिते आहे, शाईनं:
निळा ब्लाउज, उजव्या काखेत उसवलेला,
वरून पांढऱ्या दोऱ्याची हातशिलाई,
टाके बारीक, घाईतले नाहीत.
मशीन जवळ असती
तर मी निळा दोरा लावून दिला असता.